कोरड्या हाताची सही

पाकीट फाडता फाडता आतला कागदही अर्धा फाटला आणि रफूताईला ते कळलंच नाही. बोटांना कळायला हवं होतं. पण गेली तीन वर्षं तिच्या दहांतल्या सहा बोटांना काहीच कळत नव्हतं. सुई टोचली तरी आधी चादरीवर लाल ठिपका दिसायचा, मग तिच्या ध्यानात यायचं की अगंबाई, टोचली. ठिपका पडलेली चादर पुन्हा धुवायला जायची आणि टाकीवरच्या बायका हसायच्या. "ताई, दवाखान्यात रक्त कमी पडलंय का, म्हणून तुम्ही वरून देताय?"

एरवी तीही हसायची. आज हसली नाही.

शहरातल्या निम्म्या दवाखान्यांच्या चादरी, पडदे, झगे त्या लॉन्ड्रीत यायचे. तेरा जणी टाक्यांवर, यंत्रांवर आणि रोलरवर. चौदावी ही. खिडकीपाशी उंच स्टुलावर बसून फाटलेलं सांधणारी. डोळे मिटून चादरीवरून हात फिरवला की सूत कुठं विरलंय, उद्या कुठं उसवणार आहे, हे तिला आजच कळायचं. तिनं सांधलेली जागा शोधायला उजेडात धरली तरी सापडू नये अशी. आजारी माणसाच्या पाठीला शिवण टोचू नये, एवढाच तिचा हट्ट. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या पाठी जपल्या, आणि तिची बोटं मात्र कुणी जपली नाहीत.

कारण ते डागपाणी. निळ्या पिंपांतून येणारं, रक्ताचा डाग घटकेत उडवणारं. टाकीवर ते पाण्यात मिसळून वापरायच्या, त्यामुळं बाकीच्या जणींची कातडी सोलवटली, नखं काळवंडली, एकदोघींना व्रण राहिले. रफूताईला मात्र फाटक्या कडेचा चिवट डाग काढायला ते वाटीत दिलेलं असायचं, निव्वळ, बिनपाण्याचं. बोटं बुडवायची, डागावर चोळायची, पुसायची, सुई घ्यायची. अकरा वर्षं.

आणि आता हे चौदा पाकिटांचे चौदा कागद, एकसारखे.

तिची नणंद रोलरवर होती. मोठा आवाज, मोठं हसू. कागद वाचायचं काम आपोआप तिच्याकडे जायचं. ती पालथ्या टोपलीवर उभी राहिली आणि वाचू लागली, "डागपाणी बनवणाऱ्या कंपनीवर सामूहिक दावा दाखल झालेला आहे. या द्रवामुळं इजा झालेले देशभरातले सगळे लॉन्ड्री कामगार या समूहात धरले जातील. आपण काहीही केलं नाहीत, तरी आपण या समूहातच आहात."

"म्हणजे काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

"काहीच नाही! घरी पाय पसरून बसायचं आणि न्याय दाराशी येणार. जन्मात पहिल्यांदा काहीच न करण्याबद्दल मिळतंय काहीतरी, घ्या की!"

सगळ्या खिदळल्या. रफूताईनं विचारलं, "दावा केलाय कुणी?"

"दुसऱ्या गावातली कुणीतरी आहे लॉन्ड्रीवाली. आपल्या सगळ्यांच्या वतीनं."

"आपल्या वतीनं? तिला काय झालंय?"

नणंदेनं पान उलटलं. "कोपरापर्यंत पुरळ."

रफूताई स्टुलावरून उतरली. "पुरळ! पुरळवाली बाई माझ्या बोटांबद्दल सांगणार? मी काय चादर आहे, चौदा जणी एकावर एक रचायच्या आणि एकाच वेळी दाबून काढायच्या?"

"अगं वहिनी, तुझं भलंच होतंय ना?"

"तुमचं होत असेल, वन्सं. खाजेला मलम पुरतं. माझं तर कसबच गेलंय. माझं भांडण मी भांडेन."

रोलर पुन्हा फिरू लागला. दोन बाजूंनी दोघी चादर धरत होत्या आणि नेहमीचं गाणं सुरू झालं,

*एक टोक तुझ्या हाती, एक टोक माझ्या हाती,*
*मधल्या घडीत गं बाई, कुणाकुणाच्या राती.*

त्या दिवशी ते गाणंही तिला खुपलं. तिचं टोक कुणाच्याच हाती नव्हतं.

*

वकीलीणबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिना इतका उभा, की वर पोचेपर्यंत माणसाचा अर्धा राग दमातच जावा. रफूताईचा गेला नाही. बाईंना सर्दी झालेली. त्या गोळी चघळत चघळत नोटीस वाचत होत्या. मग त्यांनी ती पालथी केली आणि मागं पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या.

"हे दोन रस्ते. पहिला समूहाचा. देशभरातल्या हजारो जणींचा प्रश्न एकच आहे. हे पाणी घातक होतं का, आणि कंपनीला ते माहीत होतं का? तो प्रश्न कोर्ट एकदाच ऐकणार. वकील एकच, तज्ज्ञ डॉक्टर एकच, खर्च सगळ्यांचा मिळून. एकटीदुकटीला कंपनी चिरडते, हजारोंना चिरडता येत नाही. जिंकलं तर सगळ्या जिंकल्या, हरलं तर सगळ्या हरल्या."

"आणि माझी बोटं?"

"ती एका तक्त्यात बसवतील. पुरळ पहिल्या ओळीत, व्रण दुसऱ्या, बधिरपणा तिसऱ्या. तुमची ओळ असेल ते तुमचं. त्यानंतर याच गोष्टीसाठी कंपनीवर पुन्हा कधीही दावा करता येणार नाही. दार बंद."

"कोर्ट मला विचारणारसुद्धा नाही?"

"बहुतेक नाही. तुमचं नाव यादीत असेल, बस्स."

रफूताईनं दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. ठेवलंय की नाही, याची तिला बघून खात्री करावी लागली. "आणि हा?"

"हा एकटीचा. वीस तारखेच्या आत स्वतःच्या सहीचं पत्र पाठवायचं, की मी समूहातून बाहेर पडते. मग दावा तुमचा, वकील तुमचा, डॉक्टर तुम्हीच आणायचा, पुरावा तुम्हीच द्यायचा. समोर पाच वकील. आठ वर्षं चालेल, दहाही. समूह जिंकला तरी त्यातलं तुम्हाला काही नाही. पण न्यायाधीश तुमचे हात बघतील. तुमचेच."

"मग विचार कसला करायचा त्यात? हाच."

वकीलीणबाई शिंकल्या. "रागात ठरवू नका."

"मॅडम, तीन वर्षं मी रागातच आहे. त्यातून बाहेर येऊन ठरवायचं म्हटलं, तर मेल्यावरच ठरेल."

बाई हसल्या. बाहेर पडायचं पत्र त्यांनी तिथंच टाईप करून दिलं आणि सही घरून, नीट विचार करून करा, म्हणाल्या. जाताना एवढंच सांगितलं, "लॉन्ड्रीतले कागद काढून आणा. हातमोजे दिल्याची नोंद, धोक्याची सूचना वाचून दाखवल्याची नोंद. कंपनी आधी तेच काढते."

*

स्टोअरच्या कारकुनाला सगळे पावतीराव म्हणायचे. साबणाची वडी दिली तरी तो सही घ्यायचा. कपाटातून त्यानं लांबट वह्या काढल्या, फुंकर मारली आणि तिच्यापुढं उघडून ठेवल्या.

दर महिन्याचं एक पान. वर छापलेलं वाक्य: *हातमोजे मिळाले. सूचनापत्रक वाचले, समजले.* खाली चौदा नावं. नावांपुढं चौदा सह्या.

चौदाही तिच्याच.

ती पद्धत होती त्यांची. कधी पडली, कुणी पाडली, कुणालाच आठवत नव्हतं. तेरा जणींचे हात कोपरापर्यंत ओले, साबणानं निसरडे. पेन धरलं की घसरणार, कागद धरला की भिजणार. म्हणून पावतीराव वही घेऊन सरळ खिडकीपाशी यायचा. "कोरडा हात कुणाचा?" आणि रफूताई ओठांत सुई धरून खाली सह्या ठोकायची, हजेरीच्या, साबणाच्या, मोज्यांच्या. तिला त्याची मौजही वाटायची. नणंदेच्या सहीची लांब शेपटी, रोलरवरच्या दुसरीचं ते वाकडं वेलांटीचं फूल, सगळं हुबेहूब. बायका कौतुक करायच्या, "माझ्यापेक्षा माझी सही तूच चांगली करतेस!"

वरचं वाक्य तिनं कधी वाचलं नव्हतं. वहीच्या त्या भागावर नेहमी पावतीरावचा पंजा असायचा.

"मोजे कुठं आले होते रे?" तिचा आवाज चिरकला. "पहिल्या वर्षी एकदा आले. पुढं दर महिन्याला म्हणायचास, पुढच्या गाडीला येतील, तू सही कर, माझा हिशोब अडतोय!"

"अहो, वरून जे सांगितलं ते मी—"

"आणि हे सूचनापत्रक? ते कुठंय? दाखव मला एक. एक दाखव!"

पावतीरावनं चष्मा काढून पुसला. "पिंपाबरोबर यायचं कधीकधी. गठ्ठा आहे वाटतं माळ्यावर." मग खाली बघत म्हणाला, "गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस येऊन या पानांच्या प्रती घेऊन गेला. सगळ्या लॉन्ड्र्यांतून घेतायत म्हणे."

तिनं वही अशी आपटली, की टेबलावरची शाईची बाटली उडाली. मग सगळ्या वह्या उचलून वकीलीणबाईंच्या ऑफिसखालच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि अकरा वर्षांची पानं काढून घेतली. तीन दिवस ती पानं वाचत होती. जन्मात पहिल्यांदा.

*

"माझी शेपटीसुद्धा?" नणंदेनं पान डोळ्यांजवळ धरलं. "अगदी माझीच गं ही."

"हसू नका, वन्सं."

"हसत नाहीये." खरंच नव्हती. "म्हणजे आम्ही सगळ्या जाणूनबुजून त्या पाण्यात हात घालत होतो, असं म्हणणार ते?"

"हो. वाचलं, समजलं, तरी घातला."

"आणि आम्ही वाचलं नव्हतं, हे कुणाला ठाऊक?"

रफूताई वकीलीणबाईंकडून नुकतीच आली होती. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "एकटीनं दावा केलात, तर या पानांवरच्या तुमच्या एका सहीवर भांडता येईल. घाईत केली, वाचली नाही. एवढं लोक करतात, कोर्ट समजून घेतं. बाकीच्या तेरांबद्दल तुम्हाला कुणी विचारणार नाही. पण चौदाही मीच केल्या असं शपथेवर म्हणालात, तर तुमच्या शब्दाची किंमत संपली. खोट्या सह्या करणारी बाई म्हणून तुमचा स्वतःचा दावा पहिल्याच तारखेला बसेल. समूहात राहून, समूहाची साक्षीदार म्हणून सांगितलंत तर गोष्ट वेगळी. तिथं प्रश्न तुमचा नाही, कंपनीचा असेल. मग मात्र तुमची बोटं तिसऱ्या ओळीत."

म्हणजे गप्प बसली तर तिची बोटं कोर्टापुढं जाणार आणि तेरा जणी तिच्याच सह्यांखाली गाडल्या जाणार. बोलली तर उलट.

"तू काही बोलू नकोस," नणंद एकदम म्हणाली. "तुझं जास्त गेलंय. आमचं काय, खाज आहे, मलम आहे."

त्या शब्दांनी रफूताई जी भडकली, ती स्वतःवरच. हे तर तिचेच शब्द होते, त्या दिवशीचे. आणि ते बोलताना नणंदेनं पुढं केलेल्या मनगटावर जळलेल्या कातडीचा पांढराफटक व्रण होता. वर्षभर तो समोर असून तिनं कधी नीट बघितला नव्हता.

"दान देऊ नका मला!" ती ओरडली. "तुम्ही मोठ्या मनाच्या, मी मोठ्या मनाची, आणि ती कंपनी हात झटकून मोकळी! ज्यांनी केलं ते मजेत, आणि नणंद-भावजय एकमेकींना वाट देत बसल्यात!"

वीस तारीख आली. टाईप केलेलं पत्र पिशवीतच राहिलं. त्यावर तिनं सही केली नाही. मन शांत झालं होतं म्हणून नाही. दातओठ खात केली नाही.

*

साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा होता, की तो रोलरवर कुणी दाबला असेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. आवाज गोड, अदब मोठी.

"बाई, ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही? हे तर तुमच्या नणंदेचं नाव आहे."

"नाव तिचं. सही माझी."

"ही?"

"माझी."

चौदा वेळा त्यांनी विचारलं, चौदा वेळा तिनं सांगितलं. प्रत्येक 'माझी' आधीच्यापेक्षा चढत गेली, आणि शेवटच्या वेळी लिहून घेणाऱ्या लेखनिकानं मान वर केली.

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही खोट्या सह्या केल्यात."

"केल्या."

"मग आज तुम्ही खरं बोलताय, यावर कोर्टानं का विश्वास ठेवावा?"

"नका ठेवू." तिनं कठडा धरला. "माझ्यावर ठेवूच नका. ते पान उचला. खाली शिक्का आहे, तो वाचा."

न्यायाधीशांनी पान मागून घेतलं आणि स्वतःच वाचलं, "तपासले. कंपनीचे सुरक्षा निरीक्षक."

"दर सहा महिन्यांनी यायचा तो माणूस," रफूताई म्हणाली. "चौदा सह्या एकाच पेनाच्या, एकाच शाईच्या, एका दमातल्या. त्याला कधी वाटलं नाही, विचारावं? चला, आमची नक्कल चांगली होती म्हणू. पण साहेब, आठव्या वर्षाची पानं काढा. आमची एक जण त्या वर्षी वारली. टाकीवरची होती. पावतीरावनं यादीतून नाव काढलं नव्हतं, आणि मी मान खाली घालून सह्या करणारी. दोन महिने केली तिची सही. हातमोजे मिळाले. सूचनापत्रक वाचले, समजले. मेलेली बाई! मेलेल्या बाईला तुमची सूचना समजली, आणि तुमच्या माणसानं त्यावर शिक्का मारला, तपासले! मी खोटी आहे. मान्य आहे मला. पण माझ्या खोट्याला खरं कुणी केलं?"

कोर्टात कुणीतरी खोकलं. कंपनीच्या वकिलांनी कागद एकत्र केले, उगाचच टेबलावर ठोकून त्यांच्या कडा जुळवल्या आणि म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत."

तिच्या बोटांबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.

*

ती पानं म्हणजे बायकांना धोक्याची कल्पना होती याचा पुरावा नव्हे, असा हुकूम झाला. दुसऱ्या लॉन्ड्र्यांतल्या वह्याही मग उघडल्या गेल्या आणि तिथंही असेच कोरडे हात निघाले. दोन महिन्यांत कंपनी तडजोडीला आली. पुन्हा चौदा पाकिटं, पुन्हा एकसारखे चौदा कागद, आणि त्यात तो तक्ता.

नणंद पालथ्या टोपलीवर चढून नाचली. "जिंकलो गं, जिंकलो! दुसरी ओळ! माझा व्रण दुसऱ्या ओळीत!" बायकांनी रफूताईला मध्ये घेतलं, पाठीवर थापा मारल्या. ओल्या हातांनी तिचा सगळा ब्लाऊज भिजवून टाकला.

तिनं तिसरी ओळ वाचली. *बोटांतील संवेदना कमी होणे (कोणत्याही प्रमाणात).* कोणत्याही प्रमाणात. करंगळीला मुंग्या आल्या तरी तेच, आणि सहा बोटांतून सुई, सूत, लेकराचा गाल, चहाच्या कपाची ऊब, सगळं निघून गेलं तरी तेच.

तळपायाची आग मस्तकात गेली. तो उभा जिना ती न थांबता चढली आणि कागद वकीलीणबाईंच्या टेबलावर आपटला.

"माहीत होतं तुम्हाला," बाई शांतपणे म्हणाल्या.

"माहीत असलं म्हणून काय पचतं?"

"नाही." बाईंनी तिला बसायला सांगितलं. "तडजोड मंजूर करण्याआधी कोर्ट एक दिवस ठेवतं. समूहातल्या कुणालाही उभं राहून हरकत सांगता येते. ही ओळ अन्यायाची आहे, तिच्या चार ओळी करा, असं म्हणता येतं. बहुतेक वेळा काही बदलत नाही, आधीच सांगते. पण न्यायाधीशांना ऐकावंच लागतं."

"स्वतःच्या तोंडानं सांगायचं?"

"हो. तीन मिनिटं देतात."

"तीन?"

"तीन."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तेरा जणी रोलरपाशी गोल करून बसल्या. नणंदेनं मोबाईलमधलं घड्याळ लावलं आणि न्यायाधीशासारखा चेहरा केला. रफूताई मधोमध उभी राहिली. कंपनीपासून सुरुवात केली, निरीक्षकावर आली, पावतीरावला धुऊन काढला, तक्ता करणाऱ्याच्या सात पिढ्या मोजल्या, त्याच्या बोटांना काय काय व्हावं ते बोटागणिक सांगितलं.

घड्याळ वाजलं.

"वहिनी," नणंद म्हणाली, "तीन मिनिटं संपली. अजून तू बोटांपर्यंत आलीच नाहीस. नुसत्या शिव्याच झाल्या."

"झाल्या ना? बरं झालं." रफूताईनं पदर खोचला. "पुन्हा लावा."